श्रद्धा, राजकारण आणि रोजचं जगणं : एक कॅथलिक विचार

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय तसा अवघड आहे. ‘श्रद्धा’ म्हटलं की लोक हळू आवाजात बोलतात आणि ‘राजकारण’ म्हटलं की मोठ्या आवाजात. (हशा) मला दोन्हींबद्दल एकाच आवाजात बोलायचं आहे. आणि त्यांच्या जोडीला एक तिसरी गोष्ट घ्यायची आहे, तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे रोजचं जगणं. आपण घरात काय बोलतो, लग्न कसं करतो, कुणाच्या पंक्तीला बसतो, मेलेल्याला कुठे पुरतो किंवा जाळतो. माझं म्हणणं असं की श्रद्धा आणि राजकारण यांची खरी गाठ सभागृहात पडायच्या आधी इथे, या रोजच्या जगण्यात पडते.

सुरुवातीला दोन खुलासे करते. मराठी वाचकाला ‘ख्रिस्ती’ म्हटलं की रेव्हरंड टिळक आठवतात, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात, पंडिता रमाबाई आठवतात. ही सगळी मोठी माणसं, पण ती प्रोटेस्टंट परंपरेतली. मी बोलणार आहे ते कॅथलिक परंपरेबद्दल. ‘कॅथलिक’ हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ ‘सर्वांना व्यापणारा’. पोप, बिशप, धर्मगुरू अशी रचना असलेली, दोन हजार वर्षांची स्मृती बाळगणारी ही परंपरा आहे. वसई, मुंबईची जुनी गावठाणं आणि गोवा इथला बहुतेक ख्रिस्ती समाज याच परंपरेतला.

दुसरा खुलासा. मी चर्चची प्रवक्ती नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि मी या घरात जन्मले. घरातल्या माणसाला घराच्या भिंतीही माहीत असतात आणि ओलही माहीत असते. दोन्हींबद्दल बोलेन.

दोन सोपी उत्तरं

श्रद्धेचा राजकारणाशी संबंध काय, या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर : काही संबंध नाही. देव देव्हाऱ्यात, आपण बाजारात. दुसरं उत्तर : सगळाच संबंध आहे. राज्य धर्माचंच असलं पाहिजे, आणि धर्म म्हणजे अर्थातच आमचा.

पहिलं उत्तर सभ्य वाटतं. पण नीट बघा. एखादा माणूस रविवारी मिस्सात ‘सर्व माणसं देवाची लेकरं’ असं म्हणतो आणि सोमवारी आपल्या कारखान्यातल्या मजुराला किमान वेतन देत नाही. त्याची श्रद्धा खासगी आहे की खोटी आहे? ज्या श्रद्धेचा दुसऱ्या माणसाशी वागण्यावर काही परिणाम होत नाही, तिला श्रद्धा म्हणायचं तरी कशाला? फार तर तो छंद म्हणावा. आणि दुसऱ्याशी कसं वागायचं याचे नियम समाजाने मिळून ठरवायचे, यालाच तर राजकारण म्हणतात.

दुसरं उत्तर जास्त धोक्याचं. हे मी कॅथलिक म्हणून बोलते, कारण आमच्या परंपरेने ते उत्तर करून पाहिलं आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२पर्यंत चाललं. श्रद्धेच्या हातात दंडुका आला की काय होतं, हे त्यातून शिकता येतं. दंडुक्याने माणूस गुडघे टेकतो, पण विश्वास ठेवत नाही. राज्याची चाकरी करणारा धर्म आधी इतरांना दुखावतो आणि मग स्वतः आतून पोकळ होतो.

मग तिसरी वाट कुठली?

परंपरेच्या आतला वाद

संत ऑगस्टीनपासून सुरुवात करू. इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं. लोक म्हणायला लागले, जुने देव सोडले म्हणून हे झालं. त्याला उत्तर म्हणून ऑगस्टीनने एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्यातली कल्पना अशी की जगात दोन नगरं आहेत. एक देवावरच्या प्रेमावर उभं, दुसरं स्वतःवरच्या प्रेमावर. पण मुद्दा पुढे आहे. ही दोन नगरं नकाशावर वेगळी दाखवता येत नाहीत. ती एकमेकांत मिसळलेली आहेत, चर्चच्या आतसुद्धा. म्हणजे ‘आम्ही देवाचे, ते सैतानाचे’ अशी रेघ माणसाला मारता येत नाही. कुठलाही पक्ष, कुठलंही राज्य, कुठलाही नेता देवाचं राज्य आणू शकत नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं आजच्या जाहीर सभेत कुणी ऐकवलं तर फार बरं होईल.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस आला. त्याने कायद्याची व्याख्या केली. तिचा सारांश असा : कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी, बुद्धीला धरून, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने जाहीरपणे घालून दिलेला नियम. बुद्धीला धरून नसेल, सर्वांच्या हिताचा नसेल, तर तो नावाचाच कायदा. आणि पुढे तो एक गोष्ट म्हणतो, ती ऐकून माझे विद्यार्थी चकित व्हायचे. तो विचारतो, माणसाच्या कायद्याने सगळ्या पापांवर बंदी घालावी का? आणि उत्तर देतो, नाही. कायदा सामान्य माणसांसाठी असतो, संतांसाठी नाही. ज्यांच्यामुळे दुसऱ्याला इजा होते, समाज टिकणं अशक्य होतं, खून, चोरी, अशा गोष्टींवर बंदी घालावी. म्हणजे ‘हे पाप आहे’ एवढं म्हटल्याने ‘यावर कायदा करा’ हे सिद्ध होत नाही. मध्ये एक पायरी आहे. ती पायरी गाळायची सवय सगळ्याच धर्मांच्या राजकारणाला लागली आहे.

पुढचा इतिहास सरळ नाही. १८६४ साली पोप नववे पायस यांनी त्या काळातल्या ‘चुकीच्या’ मतांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्मस्वातंत्र्याच्या आधुनिक कल्पनेचा त्यात निषेध होता. इटलीच्या नव्या राज्याशी चर्चचं भांडण होतं, म्हणून तिथल्या कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घेऊ नये असाही दंडक होता. तो हळूहळू सैल झाला. आणि १९१९ साली लुइजी स्तुर्झो नावाच्या एका धर्मगुरूनेच तिथे लोकपक्ष काढला. पन्नास वर्षांत ‘मत देऊ नका’ इथून ‘पक्ष काढा’ इथपर्यंत! पुढे मुसोलिनी आला आणि स्तुर्झोला देश सोडावा लागला.

मधल्या काळात, १८९१ साली, तेरावे लिओ या पोपनी कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक काढलं. मजुरी किती द्यायची हा फक्त मालक आणि मजूर यांच्यातल्या कराराचा प्रश्न नाही; मजुराला जगता येईल एवढी मजुरी हा न्यायाचा प्रश्न आहे; कामगारांना संघटना करायचा हक्क आहे, असं त्यात मांडलं. खासगी मालमत्तेचं समर्थनही त्यातच आहे. त्यामुळे डावे म्हणाले हे उजवे, उजवे म्हणाले हे डावे. कॅथलिक सामाजिक विचाराचं हे दुखणं आजतागायत चालू आहे.

आणि मग १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद. ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज मंजूर झाले. एकात म्हटलं की धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, कारण धर्मस्वातंत्र्याचा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येतो. दुसऱ्यात म्हटलं की राज्य आणि चर्च आपापल्या क्षेत्रात स्वायत्त आहेत. १८६४ ते १९६५, एकशे एक वर्षं. गंमत म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या दस्तऐवजामागे ज्यांचा विचार होता, त्या अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे यांना दहा वर्षं आधी याच विषयावर लिहू नका असं सांगण्यात आलं होतं. म्हणून मी नेहमी सांगते, परंपरा म्हणजे एकमुखी आवाज नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या चाललेली चर्चा आहे, आणि कधी कधी गप्प बसवलेला माणूसच शेवटी बरोबर निघतो.

हातात असलेली तीन मापं

या सगळ्यातून सामान्य माणसाच्या हाताला काय लागतं? माझ्या मते तीन मापं.

पहिलं माप म्हणजे विवेक. सद्सद्विवेकबुद्धी. कॅथलिक म्हणजे पोप सांगेल ते ऐकणारा, असा समज आहे. कार्डिनल न्यूमन यांनी १८७५ साली एका जाहीर पत्रात लिहिलं की जेवणानंतर धर्माच्या नावाने पेला उंचवायचीच वेळ आली, तर मी आधी विवेकाच्या नावाने उंचवीन आणि मग पोपच्या. या न्यूमनना चर्चने २०१९ साली संत घोषित केलं. पण विवेक म्हणजे ‘मला वाटतं ते’ नव्हे. विवेकाला शिक्षण लागतं. वाचावं लागतं, ऐकावं लागतं, आपल्या विरुद्ध बोलणाऱ्याचंही ऐकावं लागतं. थॉमस मोर यांनी राजापुढे मान तुकवली नाही आणि १५३५ साली त्यांचं डोकं उडवलं गेलं. पण त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. अभ्यास न करता मरायला तयार होणं हा विवेक नव्हे, हट्ट झाला.

दुसरं माप, सर्वांचं हित. ‘बहुसंख्यांचं हित’ नव्हे, हे लक्षात घ्या. दहातल्या नऊ जणांचं भलं व्हावं म्हणून दहाव्याला बुडवलं, तर ते सर्वांचं हित होत नाही. गावची विहीर हे त्याचं सोपं उदाहरण. विहीर वाटून घेता येत नाही. ती सगळ्यांची असते किंवा कुणाचीच नसते.

तिसरं माप थोडं कमी माहितीचं आहे. १९३१ साली, इटलीत मुसोलिनीची सत्ता असताना, अकरावे पायस यांनी ते स्पष्ट मांडलं. जे काम खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्याने काढून घेऊ नये. कुटुंबाला जमतं ते गावाने, गावाला जमतं ते सरकारने बळकावू नये. पण खालच्याला जमत नसेल तेव्हा वरच्याने मदतीला यायलाच हवं. आपल्याकडे १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा दिली, त्यामागची प्रेरणा निराळी होती, पण तर्क पुष्कळसा हाच.

वसईत कस लागला

आता हे पुस्तकातून जमिनीवर आणू. उदाहरण माझ्याच तालुक्याचं आहे.

वसई म्हणजे एके काळी केळीच्या बागा, पानवेली, फुलं. राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्ध. फुलं आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. नव्या इमारतींना पाणी हवं. ते टँकरने बागायतीतल्या विहिरींतून उपसलं जाऊ लागलं. समुद्राकाठची जमीन ती. गोडं पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत शिरतं. एकाच्या विहिरीतून टँकर भरला की शेजाऱ्याची बाग वाळते. विकणारा म्हणतो, विहीर माझी. कायदाही बराचसा त्याच्या बाजूने. पण ‘सर्वांचं हित’ हे माप लावलं की प्रश्न बदलतो. जमिनीच्या पोटातलं पाणी एकट्याचं कसं?

त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, धमक्या आल्या. त्या आंदोलनात सर्व धर्मांचे, जातींचे लोक होते, आणि हे फार महत्त्वाचं. कारण विहीर आटते तेव्हा मालकाचा बाप्तिस्मा झालाय की मुंज, हे पाहून आटत नाही.

तेव्हा एक प्रश्न चर्चच्या पायरीवर सुद्धा विचारला गेला : फादरांनी मिस्सा करावी, हे उद्योग कशाला? प्रश्न टाकाऊ नाही. चर्चचा कायदाच असा आहे की धर्मगुरूने सत्तेचं पद घेऊ नये. पक्षात सक्रिय भाग घेऊ नये. १९८३च्या धर्मसंहितेत हे आहे, पण त्यात एक अपवादही आहे : चर्चचे हक्क किंवा सर्वांचं हित यांसाठी गरज आहे असं वरिष्ठांना वाटलं तर पक्षकार्याबद्दलचा नियम शिथिल होऊ शकतो. म्हणजे धर्मगुरूने आमदार व्हायचं नाही, पण विहिरीबद्दल बोलायचंच नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. दिब्रिटो ही रेघ ओळखून होते. त्यांनी पद मागितलं नाही, पाण्याबद्दल बोलणं सोडलं नाही.

पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. काही गावांनी म्हटलं, आम्हाला महापालिकेत यायचं नाही, आमची ग्रामपंचायत बरी. आंदोलन झालं, लाठ्या पडल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. तिसरं माप आठवा : खालच्याला जमतं ते वरच्याने घेऊ नये. शहाण्या माणसांची दोन मतं असू शकतात. वाढत्या वस्तीला एकत्र पाणीयोजना, सांडपाण्याची सोय लागते, हेही खरंच. माप उत्तर देत नाही, प्रश्न नीट विचारायला लावतं.

त्याच वर्षी विधानसभेला वसईतून विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. आंदोलनातला माणूस, जन्माने ख्रिस्ती नव्हे. हजारो कॅथलिकांनी त्यांना मत दिलं. बरोबर केलं की चूक, हे मी सांगत नाही. मी एवढंच म्हणते की तिथे मत धर्माच्या नावावर न मागता प्रश्नाच्या नावावर मागितलं गेलं. अल्पसंख्य समाजाच्या राजकारणात ही छोटी गोष्ट नाही.

आणि हे लक्षात ठेवा, पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक आलं २०१५ साली. वसईच्या बागायतदारांना तोवर थांबायला वेळ नव्हता. कित्येकदा विचार वरून खाली येत नाही, खालून वर जातो.

संस्कृती : कुणाची, कशी

आता तिसऱ्या गोष्टीकडे येते. मराठी कॅथलिकाला अजूनही विचारतात, ‘अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ (हशा) म्हणजे जणू आम्ही शिकवणी लावली होती.

१६१६ साली गोव्यातल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. मूळचा इंग्रज माणूस, १५७९ साली इथे आला, इथली भाषा शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत ख्रिस्ताची कथा मराठीत लिहून गेला. ओवीच का? कारण लोक ओवीत ऐकत होते. आणि त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. धर्म एकच, पण संस्कृतीकडे बघायच्या दोन तऱ्हा. एक म्हणते, तुझ्या ओवीत माझी गोष्ट सांगता येईल का? दुसरी म्हणते, तुझी जीभ बदल. पहिली श्रद्धेची तऱ्हा, दुसरी सत्तेची. फर्मानामागे सत्ता होती, तरी लोकांची भाषा टिकली, हे सांगायला नकोच.

माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आम्ही मुली उत्तरं पाठ म्हणायचो, अर्थ कळायचा नाही. पण घरी तिन्हीसांजेला आजी जपमाळ म्हणायची ती आपल्या बोलीत. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचं, गाणी म्हणायची, ती सगळी आपल्याच भाषेतली. म्हणजे चर्चमध्ये देवाशी एक भाषा, घरात दुसरी. १९६३ साली परिषदेने उपासनेत मातृभाषेला जागा दिली, तेव्हा आजीची भाषा वेदीपर्यंत पोहोचली. १९६९ साली भारतासाठी बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली : आरती, हात जोडून नमस्कार, मांडी घालून बसणं, अंगावर शाल वगैरे. कुणी विरोध केला असेल? कॅथलिकांनीच! ‘हे हिंदूंचं आहे’ म्हणून. आणि काही हिंदू म्हणाले, ‘ही आमची चोरी’. आरतीची निरांजनं बिचारी दोन्हीकडून पोळली.

ब्रह्मबांधव उपाध्याय हे बंगाली गृहस्थ १८९१ साली कॅथलिक झाले. संन्याशाची वस्त्रं घालायचे. आपण जन्माने, समाजाने हिंदू आणि श्रद्धेने कॅथलिक, असं त्यांचं म्हणणं. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही, त्यांचं नियतकालिक अडवलं गेलं. इंग्रज सरकारलाही ते रुचले नाहीत. १९०७ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि तो चालू असतानाच ते वारले. श्रद्धा, राजकारण, संस्कृती, तिन्ही एका माणसात आली, आणि तिन्ही बाजूंचे पहारेकरी चिडले.

पण संस्कृती म्हटली की सगळंच गोड नसतं, आणि इथे मी ओलीबद्दल बोलते. आमच्याबरोबर जातही आली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती धुतली गेली नाही. लग्न जुळवताना ‘आपल्यातलं’ हा शब्द अजून ऐकू येतो. गोव्यातल्या काही चर्चमध्ये उत्सवाचा मान ठरावीक गटाकडेच राहिला. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भिंत उभी राहिली. एकाच भाकरीचा प्रसाद घ्यायचा आणि मेल्यावर वेगळं झोपायचं! आता राज्याच्या बाजूने पाहा. १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाजाला मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर. कारण सांगतात की तुमच्या धर्मात जात नाही. आमच्या धर्मात जात नसावी, हे खरं. आमच्या गावात आहे, हेही खरं. सरकारकडे न्याय मागणाऱ्या चर्चने आधी आपल्या दफनभूमीतली भिंत पाडली पाहिजे. नाहीतर आपल्या मागणीला जोर येणार कुठून?

भीती आणि मत

शेवटचा मुद्दा. छोट्या समाजाच्या राजकारणात सर्वांत मोठा मतदार असतो, त्याचं नाव भीती. भीतीला कारणं नाहीत असं मी म्हणणार नाही. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटो निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध झाला. संमेलन झालं, ते अध्यक्ष म्हणून बोलले, आणि मराठी साहित्याचं काही वाकडं झालं नाही. २०२४च्या जुलैत ते गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला कोणकोण आलं होतं ते वसईने पाहिलं.

पण भीतीवर मत देणारा समाज कायम कुणाच्या तरी खिशात राहतो. एक पक्ष भीती घालतो, दुसरा त्या भीतीची राखण करून मतं घेतो. शाळेचा, पाण्याचा, बसचा प्रश्न कुणीच विचारत नाही. घटना समितीत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला. जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू त्या समितीत होते. त्यामागे एक विश्वास होता की आम्ही नागरिक म्हणून उभे राहू. तो विश्वास देशाने पाळायचा आहे, आणि आम्हीही. आपल्या हक्कांपुरतं बोलणारा अल्पसंख्य समाज म्हणजे आणखी एक हितसंबंधी गट. शेजाऱ्याच्या हक्कासाठी बोलतो तेव्हा तो नागरिक होतो. आदिवासी पाड्यावर पाणी नसेल तर ते ‘आपलं’ नाही असं ज्याला वाटतं, त्याने रविवारचं प्रवचन ऐकलं नाही असं समजावं.

इथे थांबते. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : बिशपांनी मत कुणाला द्यायचं हे सांगावं का?

उत्तर : नाही. निकष सांगावेत, नाव सांगू नये. गरिबाचं काय होईल, जीव वाचेल का, जमीन-पाणी राहील का, दोन समाजांत वैर वाढेल का, हे विचारा म्हणावं. एकाच उमेदवारात सगळं सापडत नाही. एकाला गर्भातल्या जिवाची काळजी आणि जन्मलेल्याची नाही. दुसऱ्याला गरिबाची काळजी आणि पैसे खाण्याची लाज नाही. तेव्हा तोलावं लागतं, आणि तोलणं हे मतदाराचं काम. नाव सांगितलं की बिशप चुकले तर चर्च चुकलं असं होतं, आणि भाविकांचा विवेक आळशी होतो.

प्रश्न : मॅडम, तुम्ही धर्मस्वातंत्र्य म्हणता, पण धर्मांतराचं काय? गरिबाला आमिष दाखवून बाटवतात, त्याचं?

उत्तर : सरळ प्रश्न, सरळ उत्तर देते. आमिष दाखवून केलेलं धर्मांतर पाप आहे. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. १९६५च्या ज्या दस्तऐवजाबद्दल मी बोलले, त्यातच म्हटलं आहे की धर्मप्रसार करताना जबरदस्ती किंवा अनुचित मार्ग वापरू नयेत, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत. तसं कुणी करत असेल तर तो माझ्या धर्माचाही गुन्हेगार. पण दुसरी बाजू ऐका. गरीब माणूस श्रद्धा बदलतो तेव्हा त्याला आमिषच दाखवलं असणार, हे आपण किती सहज धरून चालतो! श्रीमंत माणूस गुरू बदलतो तेव्हा आपण म्हणतो, त्याला साक्षात्कार झाला. गरिबालाही विवेक असतो. कायदा करायचाच तर फसवणुकीविरुद्ध असावा, आणि तो सगळ्या दिशांना सारखा लागू असावा.

प्रश्न : आमची मुलं चर्चमध्ये येत नाहीत. तुम्ही राजकारण म्हणता, इथे श्रद्धाच राहते का नाही हा प्रश्न आहे.

उत्तर : खरं आहे. चार्ल्स टेलर हे कॅनडाचे तत्त्वज्ञ, स्वतः कॅथलिक. २००७ साली त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचा प्रश्न असा : पाचशे वर्षांपूर्वी युरोपात देव न मानणं जवळजवळ अशक्य होतं, आणि आज मानणं हा अनेक पर्यायांतला एक पर्याय झाला, हे कसं घडलं? आपल्याकडे तसंच्या तसं झालेलं नाही, पण शहरातल्या मुलांच्या बाबतीत त्या दिशेने चाललं आहे. माझं मत विचाराल तर घाबरू नका. सवयीने येणारी श्रद्धा आता पुरणार नाही. मुलांना कारण लागेल. आणि मुलं कारण पुस्तकात शोधत नाहीत, आपल्याकडे बघतात. घरात जपमाळ म्हणणारी आई कामवालीला त्याच कपातून चहा देते का, एवढं ती बघतात. मी म्हटलं ना, गाठ तिथेच पडते.

वेळ झाली आहे.